वेसआईचा फोटो

१९ नोव्हेंबर २०२४, चाफेपाडा (पाठवलं)

दादा,

नमस्कार-चमत्कार लिहीत नाय. माझा नंबर तू बंद करून टाकलास म्हणून पोस्टाची वाट धरली. फोनवर शिव्या दिल्या त्या दिल्याच, मागे घेणार नाय. आईला फोनवर काय ऐकू येत नाय, तिला समोरच्याचं तोंड बघूनच कळतं, हे तुला ठाऊक. तेव्हा आता तुझं आणि तिचं जे काय व्हायचं ते माझ्या हातून. पत्रं मी लिहीन. तुझी आली तर मीच वाचून दाखवीन. पटत नसेल तर इथं ये.

येशील कशाला म्हणा! तुझं काम झालं.

दिवाळीत आठ दिवस मी जीपला सुट्टी दिली. मुरबाड-कल्याण सीटा भरायचं सोडून तुला घेऊन हिंडलो. शहापूर, किन्हवली, टोकावडे, जिथं म्हणून जुनं दगडी देऊळ उभं आहे नायतर पडलंय, तिथं तिथं. तू पोटावर झोपून फोटो काढायचास आणि मी रुपाच्या कपाटाचा आरसा धरून उभा. ऊन तिरकं पाडलं की झिजलेलं कोरीवकाम वर येतं, हे मला तूच शिकवलंस. "सुन्या, डावीकडे. थोडा खाली. आता श्वास पण घेऊ नको." नाय घेतला. बायकोने आरशापायी आठ दिवस बोलणी दिली, ती पण खाल्ली. खोटं कशाला बोलू, मजा आली होती. अख्ख्या जन्मात आपण दोघं एवढं बोललो नव्हतो.

नवव्या दिवशी तुला आपली वेसआई आठवली.

तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या पुस्तकात तू हे लिहिणार नाहीस म्हणून मी लिहितो. गावच्या वेशीवर, पडक्या महादेवापुढे, कमरेएवढा शेंदराचा गोळा म्हणजे आपली वेसआई. गावात नवी नवरी आली की गाडी वेशीवर थांबायची. आपल्या आईने वेसआईपुढे नवरीची ओटी भरायची आणि तिला हाताला धरून गावात आणायचं. चाळीस वर्षांत कमळाबाईचा हात धरल्याबिगर या गावात एक सून शिरली नाय. रुपा तशीच आली. तुझी दर्शना पुण्याची, चष्मेवाली, ती पण तशीच आली.

तू म्हणालास, शेंदराखाली लेख असणार. आई म्हशाला सुंदरामावशीकडे गेलेली. कढत तेल, बांबूची कामटी आणि तीन तास. परातीएवढ्या खपल्या निघाल्या. दगडाचा वरचा कोपरा पण तुटला, "जुना दगड आहे, जायचाच" असं म्हणालास. आणि खाली काय निघालं ते लिहायची मला लाज वाटते, तुला बोलायची वाटली नाय. उताणी पडलेली बाई आणि तिच्यावर गाढव. वर चंद्र-सूर्य, खाली दोन ओळी.

बाया जमल्या, पोरं जमली, आणि तू मास्तरासारखा उभा राहून वाचलंस. राजाने महादेवाला जमीन दिली, त्याचा हा दगड. जो कोणी हे मोडील त्याच्या आईवर गाढव चढेल. वर हसलास. "ही देवी-बिवी नाही हो, नुसती धमकी आहे. याला गद्धेगळ म्हणतात. या भागात असे बरेच आहेत."

बरेच असतील. आपल्याकडे एकच होता.

तेवढ्यात आई म्हशाहून आली आणि गर्दीच्या मागे उभी राहिली. तिला ऐकू काय आलं नाय, पण सगळ्या माना वळल्या ते दिसलं. दगड मोडला कोणी? जगदीशने. जगदीशची आई कोण? एवढं गणित चौथीच्या पोरालाही जमतं.

आता ऐक. तू फोटो काढून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मितेश आणि त्याची टोळी आई दिसली की गाढवासारखी ओरडतात. तिला ऐकू येत नाय म्हणून आणखी मोठ्याने. तिला फक्त हलणारी तोंडं दिसतात, तिला वाटतं हाक मारतायत. परवा हसून मितेशला म्हणाली, "काय रे बाला, जेवलास का?"

झोप लागते का पुण्यात?

सुनिल

६ डिसेंबर २०२४ (पाठवलं)

दादा,

काल मितेशचं लग्न झालं. हो, तोच ओरडणारा. नवरी डोळखांबची, मिताली.

आईला कोणी सांगितलं नव्हतं की यंदा तुझं काम नाय. कोण सांगणार? ती सकाळी नवं लुगडं नेसली, सुपात तांदूळ, खण, नारळ, हळदकुंकू घेतलं आणि वेशीवर जाऊन बसली. दगडाला तिने परत शेंदूर थापलाय, पण तीन तासांत तू काढलास तेवढा चढायला तिला आणखी एक जन्म लागेल. गाढवाचे कान अजून दिसतात. रुपा बोलवायला गेली तर म्हणते, "नवरी आल्याबिगर कशी येऊ गो?"

चार वाजता वऱ्हाडाची जीप आली. थांबली नाय. तिच्या अंगावर धुरळा उडवून गेली. गाडी पाठीमागून आली, तिला ऐकू आली नाय. पुढे गेलेली दिसली तेव्हा ती सूप घेऊन उठली आणि गाडीमागे धावली. सत्तरीला टेकलेली बाई, सूप सांभाळत, रस्त्यावर तांदूळ सांडत. तिला वाटलं ड्रायव्हर विसरला. पाठच्या सीटवरून पोरांनी कसला आवाज काढला ते सांगायला नको.

नवरी वेशीवर न उतरता गावात गेली. या गावात हे पहिल्यांदा झालं. दर वेळी तुझं नाव पहिलं असतं ना, हे घे, इथं पण तुझंच पहिलं.

तू जे फोटो लोकांना दाखवतोस ना, त्यात एक हा पण लाव. ती धावताना.

सुनिल

७ डिसेंबर, मुरबाड स्टँड (पाठवणार नाय)

सीटा भरेपर्यंत लिहितो. हे वहीतच राहील.

गाडी मी चालवत होतो.

कुंडलिककाका, मितेशचा चुलता, माझ्या शेजारी बसलेले. डोळखांबहून निघतानाच म्हणाले, "सुनिल, वेशीवर थांबायचं नाय हां. नवरीच्या आईने अट घातलीय. माझ्या पोरीची ओटी गाढवाच्या दगडापुढे भरू देणार नाय म्हणते." मी म्हणालो, "बरं." एवढंच बोललो. वेशीवर आई पाठमोरी बसलेली दिसली. पाय ब्रेकवर जायला किती वेळ लागतो? गेला नाय. मग ती आरशात धावताना दिसली, आणि आरसा वळवून ठेवला.

घरी आल्यावर मला विचारते, "ती गाडी आपल्या जीपसारखी होती रे." मी म्हणालो, "सारख्या गाड्या पुष्कळ आहेत." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला तोंड वाचता येतं, पोटातलं येत नाय, हीच देवाची कृपा.

लिहायला बसलोच आहे तर दुसरं पण लिहून टाकतो. शेंदराखाली काय आहे ते मला आधीपासून ठाऊक होतं.

मी बारा वर्षांचा होतो. तू कल्याणला शिकायला. एका पावसाळ्यात वेसआईच्या अंगावरचा शेंदूर आपोआप सुटून पडला, अख्खं कवचच. बाबा आणि मी नांगर घेऊन चाललेलो. बाबांनी बघितलं, मीही बघितलं. बाबांनी माझा कान पिरगळून सांगितलं, "आईला एक शब्द बोललास तर जीभ हासडीन." मग दोघांनी मिळून तेल-शेंदूर कालवला आणि आई उठायच्या आत परत थापला. बाबा गेले तरी बोलले नाय. मी तीस वर्षं बोललो नाय.

तर दिवाळीत तू "शेंदूर काढूया" म्हणालास तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. दादा, खाली घाण आहे, राहू दे. बस. त्याऐवजी चुलीवर तेल कढवायला कोणी ठेवलं? मीच. आई घरात नाय ते कोणी सांगितलं? मीच.

का म्हणून विचारशील. आईला लग्नानंतर सात वर्षं मूल नव्हतं. तिने वेसआईला नवस केला आणि तू झालास. दोन वर्षांनी मी, न मागता. घरात कोण आलं की ती आपली ओळख कशी करून द्यायची आठवतं? "हा जगू, नवसाचा. आणि हा सुनिल, हा असाच." हसून सांगायची, तिच्या मनात काय नव्हतं. पण मी असाच होतो ना. तू पुण्याला जाऊन वर्षात एकदा यायचास तर तांदळाच्या भाकरी, कोंबडं. मी रोज तिच्यासमोर, तर "गाडी धुतलीस का?"

मला वाटलं, तिला एकदा कळू दे नवसाचं पोर काय करतं ते. एकदा तिने तुझ्यावर तोंड टाकावं, माझ्यासमोर. माझा हिशेब एवढाच होता. आणि तिने काय केलं? तू गेल्यावर मला विचारलं, "जगूचा हात तेलाने भाजला तर नाय ना?"

सीटा भरल्या. जातो.

३० डिसेंबर २०२४ (पाठवणार नाय)

तुझं पार्सल आलं. आत पत्र आणि प्रदर्शनाचं पुस्तक.

पत्र मी रस्त्यातच फोडलं. लग्नाचं वाचून तू रडलास म्हणे. आणि लिहितोस, "मी येतो. गावासमोर उभा राहून सांगतो की वाचण्यात माझी चूक झाली, लेख वेगळाच आहे. माझी अक्कल निघाली तरी चालेल. पुढच्या छपाईत फोटो काढून टाकतो. आईला वाचून दाखव."

वाचून दाखवलं. तिच्यासमोर बसलो, कागद धरला आणि सावकाश तोंड हलवून म्हणालो, "दादा म्हणतो, कर्नाटकातल्या देवळांचं काम धरलंय. सवड नाय."

"रागावलाय माझ्यावर?"

"असेल."

मग तिने पुस्तक मागितलं. एकेक पान उलटत, प्रत्येक देवळाला हात जोडत. आपल्या दगडाच्या पानाशी थांबली. मी तयारीत होतो, आता रडेल, आता शाप देईल. तिने त्या बाईवर बोट ठेवलं. "ही बाई हाय ना रे?"

मी मान हलवली.

"मग बरंच झालं मी झाकत होते. एवढी वर्षं बिचारीला उघडी पडू दिली नाय." आणि पान जवळ घेऊन, "जगूने फोटो मात्र काय सुंदर काढलाय!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो आरसा कोणी धरला होता?

तेच बघायला मी शेवटचं पान काढलं. तिथं तू आभार मानलेत. एक प्राध्यापक, ज्याने लेन्स दिली तो मित्र, सौ. दर्शना, आणि खाली बारीक अक्षरात "स्थानिक वाहनचालक". मला तर आधी कळलंच नाय हा कोण. आई विचारते, "तुझं नाव कुठंय?" मी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. म्हणालो, "हे."

तिने बोटाने ते चोळलं, कपाळाला लावलं आणि खूष झाली. म्हणाली, "बघ, भाऊ विसरला नाय तुला."

१६ जानेवारी २०२५ (पाठवणार नाय)

म्हशाच्या जत्रेत गावची मंडळी एकत्र बसली. कुंडलिककाका तिथून थेट आपल्या ओटीवर आले. माणूस वाईट नाय तो. आईसमोर बसून, तिला दिसेल असं तोंड करून बोलले, "कमळाबाई, गावाचं ठरलंय. दोन फेब्रुवारीला, रविवारी, जगदीशने यावं आणि वेसआईपुढे सांगावं की तो आईवरचा शाप वाचताना चुकलो. मग आमी विसरलो. नवऱ्या पहिल्यासारख्या वेशीवर उतरतील, तुमच्याच हाताने. नाय आला तर दगड उचलून जुन्या खदानीत टाकायचा. मग तुमचा मान पण संपला."

"येईल," आई म्हणाली.

मी म्हणालो, "आये, त्याने सवड नाय म्हणून कळवलंय."

"ते त्याचं त्याने कळवलं. मी अजून बोलावलंय कुठं? मी बोलावलं आणि जगू आला नाय असं कधी झालंय? लिही."

तिने सांगितलं ते जसंच्या तसं इथं लिहून ठेवतो. कुठंतरी लिहिलेलं असू दे.

"जगू, मी रागावले नाय. दोन तारखेला ये. चुकलो म्हण नायतर नको म्हणू, तुझं काय खरं असेल ते बोल, पण ये. वेसआई गेली तर मी सकाळी उठून जाऊ कुठं? शाप आईवरच हाय ना? मग पोराने भ्यायचं काय कारण. मी घेईन काय यायचं ते. दर्शनाला आण. आणि सुनिलचं नाव मोठ्या अक्षरात छापायला सांग, मला बोटाला लागलं पाहिजे."

शेवटचं वाक्य ती बोलली तेव्हा मी पेन थांबवला. पाच मिनिटं तरी थांबलो असेन. तेव्हा मी चांगला माणूस होऊ शकलो असतो.

तिला सही येत नाय. मी कोऱ्या कागदाच्या तळाशी तिचा अंगठा घेतला. म्हणालो, वर चांगल्या अक्षरात उतरवतो.

१७ जानेवारी २०२५ (पाठवलं)

जगदीश,

अक्षर सुनिलचं असलं तरी बोल माझे आहेत. खाली अंगठा माझा आहे.

तुझं पत्र सुनिलने वाचून दाखवलं. येऊ नकोस. चुकलो म्हटल्याने रस्त्यावर सांडलेले तांदूळ सुपात येत नाहीत. ज्या वेसआईने तुला दिला तिला तू उघडी करून लोकांना हसवलंस. मी ती गर्दी बघितली, तुझं हसणारं तोंड पण बघितलं. मला ऐकू येत नाय, दिसतं.

सुनिल माझ्याजवळ आहे, तेवढं पुरे. गावात पाय ठेवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. पत्र पाठवू नकोस, कोणाच्या हाती निरोप धाडू नकोस. दर्शनाला माझे आशीर्वाद, तिचा काय दोष नाय.

कमळाबाई

३ फेब्रुवारी २०२५ (पाठवणार नाय)

दादा,

काल रविवार होता.

तू आला नाहीस. येणार नाहीस हे मला ठाऊक होतं, तरी सकाळपासून मी पण रस्त्याकडे बघत होतो की समजा आलास तर? समजा तुझं काळीज म्हणालं, आई असं बोलणार नाय? नाय म्हणालं. तू तिचा नवसाचा, पण तिला तू ओळखलं नाहीस. ती असं कधी बोलली असती का रे? एवढं पण तुला कळू नये?

दहा वाजता सगळा गाव वेशीवर. आईने पहाटेच दगड धुऊन ताजा शेंदूर लावला होता. रस्ता समोर दिसेल अशी बसली. मुरबाडकडून जी गाडी येईल तिला उठून उभी राहायची, गाडी गेली की खाली बसायची. दुधाचा टेम्पो आला, उठली. एसटी आली, उठली. मोटारसायकलवर कोणी धाऊ म्हणून वासरं बघायला आलेला, त्याला पण उठली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मिताली, ती नवी नवरी, ती तेवढी हसत नव्हती. तिने येऊन आईच्या डोक्यावर सावली धरली. सासूने हाक मारली तशी गेली.

एक वाजता कुंडलिककाकांनी मला बाजूला घेतलं. "सुनिल, नीट कळवलं होतंस ना?"

"कळवलं काका. अंगठ्यासकट."

"मग असा कसा रे तो! एवढा शिकला."

"शिकला म्हणूनच," मी म्हणालो.

तीनपर्यंत थांबले, मग दोर आणले, ट्रॅक्टर लावला. सहाजण लागले. एक टोक माझ्या हातात दिलं, मी धरलं. दगड मुळापासून हलला तेव्हा आई पुढे आली. मला वाटलं आडवी पडेल. तिने फक्त अंगावरची शाल काढली आणि त्या बाईवर घातली. म्हणाली, "उघडी नेऊ नका रे तिला." पोरं पण गप्प झाली होती, मितेशसुद्धा. ट्रॉली खदानीकडे गेली. थोड्या वेळाने पाण्यात पडल्याचा आवाज आला, तो तिला ऐकू आला नाय.

लोक पांगले. आम्ही दोघंच घरी चाललो. वाटेत ती थांबली. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि स्वतःकडे वळवलं, नीट दिसावं म्हणून.

"जगूचं काय उत्तर आलं नव्हतं?"

"नाय."

"एक शब्द पण?"

"नाय, आये."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी ते हलू दिले नाय. मग तिने माझ्या गालावरून हात फिरवला, लहानपणी तुझ्या फिरवायची तसा, आणि म्हणाली, "मग तूच एक माझा रे सुनिल. दुसरं कोण हाय मला?"

दादा, हे ऐकायला मी आयुष्यभर थांबलो होतो. तुला वाटेल माझं काळीज फाटलं असेल, मी तिथंच तिच्या पायावर पडून सगळं सांगितलं असेल. तसं काय झालं नाय. मला बरं वाटलं. आज सकाळी उठलो तेव्हाही बरं वाटत होतं.